चढताना चांगला, उतरताना दुखरा

एकतीस वर्षं मी चालत्या गाडीत उभा राहिलो. १९८० साली एसटीत कंडक्टर म्हणून चिकटलो आणि २०११ ला, अठ्ठावन्न पूर्ण झाली तेव्हा खाली उतरलो. पसरणीचा घाट, केळघरचा घाट, कुंभार्लीचा घाट. वळणावर गाडी कलली की माणसं एकमेकांच्या अंगावर जायची आणि मी सीटच्या दांडीला कंबर टेकवून, एका हातात तिकिटांचा ट्रे नि दुसऱ्या हातात पंच, सुट्टे मोजत उभा. गाडीत कधी पडलो नाही. आणि २०२४ च्या जुलैत, पहाटे तीनच्या सुमाराला, चिमणपुऱ्यातल्या स्वतःच्या घरात, जागची न हलणाऱ्या फरशीवर आडवा झालो. वय एकाहत्तर.

कारण अगदीच साधं. लघवीला उठलो होतो. न्हाणीच्या दारात पायपुसणं होतं. हिनं जुन्या साड्यांच्या पट्ट्या काढून विणलेलं, गोल, लाल-हिरवं. ही जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. सुनेनं दोनदा तरी म्हटलं होतं, "आण्णा, हे सरकतंय, काढू का?" मी म्हटलं, राहू दे. त्याच्यावरनंच पाय गेला. खरं तर पाय जायच्या आधी डोळ्यांपुढं अंधारी आली होती, पण ते मला पुढं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आठवलं.

पडल्यावर पहिल्यांदा पायाकडं बघितलं. उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला वळून पडलेलं, पाय आखूड दिसणारा, दुसऱ्याच कुणाचा तरी असावा तसा. उठायचा प्रयत्न केला आणि जी कळ गेली ती टाळूपर्यंत. मुलगा-सून माडीवर. बाहेर साताऱ्याचा पाऊस, पत्र्यावर ताशा लागलेला. हाका मारून घसा बसला. शेवटी हाताला तांब्या लागला, तो फरशीवर आपटत राहिलो. एक ठोका, थांबून दोन ठोके. सवयीनं हात तसाच चालला. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. पाचच्या सुमाराला सून चहाला खाली आली तेव्हा तिला आवाज ऐकू गेला.

दोन तास फरशीवर पडून माणूस काय विचार करतो हे कुणी मला विचारलं नाही, पण सांगतो. मोठे विचार येत नाहीत. थंडी वाजते. लघवी झालेली असते त्याची लाज वाटते. आणि नातवानं आपल्याला असं बघू नये एवढंच वाटत राहतं.

१०८ ची गाडी आमच्या बोळात येत नाही. अकरा पायऱ्या उतरून रस्ता लागतो. शेजारच्या दोघांनी आणि मुलानं मला सतरंजीत घालून खाली नेलं.

मांडीचं हाड खुब्यात बसतं तिथं त्याला मान असते, ती मोडली होती. डॉक्टरांनी सांगितलं, या वयात ही मान आपोआप जुळायची आशा धरत नाहीत, कारण तिकडं जाणारा रक्तपुरवठाच तुटतो. हाडाचं डोकं काढून तिथं धातूचा गोळा बसवायचा. आणि शक्यतो दोन दिवसांच्या आत, कारण म्हातारं माणूस जितकं पडून राहील तितकी छाती भरते, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. मुलगा म्हणाला, पुण्याच्या डॉक्टरांचं मत घेऊ. मी म्हटलं, गाडी घाटात बंद पडली तर जवळच्या डेपोचा मेकॅनिक बोलवायचा, मुंबईचा नाही. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. पैसे घरचे गेले. सत्तरीच्या पुढच्यांना पाच लाखांपर्यंतचं आयुष्मानचं वय वंदना कार्ड त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या शेवटी आलं. माझा खुबा तीन महिने आधी मोडला. असो.

ऑपरेशननंतरच्या दोन रात्री मी घरच्यांकडून ऐकलेल्या आहेत, मला त्यातलं तुकड्यातुकड्यानं आठवतं. मला वॉर्ड ही गाडी वाटत होती. सलाइनचा स्टँड म्हणजे दांडी. समोरच्या कॉटवरच्या माणसाला मी म्हणे विचारत होतो, "कुठं जायचंय? सुट्टे द्या." नर्सबाईंना दरडावलं, "दारात उभं राहू नका, आत सरका." सलाइनची सुई उपसायला निघालो होतो. मुलगा हबकला. त्याला वाटलं, बापाचं डोकं गेलं. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं की वय झालेल्या माणसाला मोठ्या ऑपरेशननंतर असं होतं, बहुतेकांचं काही दिवसांत निवळतं. चष्मा लावा, समोर घड्याळ ठेवा, दिवसा खिडकी उघडी ठेवा, ओळखीचं माणूस जवळ बसवा.

ओळखीचं माणूस म्हणून माझा ड्रायव्हर आला. आम्ही नऊ वर्षं एका ड्युटीवर होतो. त्याला मागं अर्धांगवायूचा झटका येऊन गेलाय, डावा हात अजून नीट उचलत नाही. तो कॉटशेजारी बसला आणि मी "तिकीट, तिकीट" करायला लागलो तसा म्हणाला, "गाडी डेपोत लागली. कॅश भरून झाली. झोप आता." आणि मी झोपलो. हे मला स्पष्ट आठवतं.

ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी उभं केलं मला. वॉकर धरून, दोघांच्या मध्ये. मी चार पावलं टाकली आणि घामानं भिजलो. श्वासाच्या व्यायामाचं एक यंत्र दिलं होतं, तीन गोळ्यांचं. श्वास आत ओढला की गोळे वर जायचे. पहिल्या दिवशी एकच हलला.

घरी आलो आणि खरा त्रास सुरू झाला. दवाखान्यात सगळेच पडलेले असतात, तिथं लाज वाटत नाही. घरी खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, गुडघा कमरेच्या वर न्यायचा नाही. जन्मभर ताटाला पाटावर बसलेला माणूस मी. खुर्चीची उंची वाढवायला गाद्या घातल्या. कमोडवर वरून ठेवायची प्लास्टिकची बैठक आणली. पहिले काही दिवस मुलगा धरून न्यायचा, धुवायचा. त्याच्याकडं मी बघत नसे, तो माझ्याकडं बघत नसे.

त्यावर मी एक शहाणपणा केला. पाणी प्यायचं बंद केलं. पाणी कमी, फेऱ्या कमी, पोराला त्रास कमी. आठवड्यात लघवीची आग, ताप, पुन्हा थोडी बडबड आणि पुन्हा दवाखान्याची फेरी. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजोबा, पाणी किती पिता?" मी गप्प. त्यांनी मुलाला बाहेर पाठवलं आणि म्हणाल्या, "लाज वाटते म्हणून पीत नाही ना? माझ्याकडं निम्मे पेशंट त्याच कारणानं येतात." मला उगाच बरं वाटलं. आपला बावळटपणा चारचौघांसारखाच आहे म्हटल्यावर तो जरा हलका होतो. घरी आल्यावर मुलाला म्हटलं, "बाबा रे, तुला लहानपणी मी एकदाही धुतलेलं नाही, सगळं तुझ्या आईनं केलं. आता तू माझं करतोयस, हिशेब काही जुळत नाही." तो म्हणाला, "आण्णा, पाणी प्या." एवढंच.

फिजिओच्या मॅडम आठवड्यातून तीनदा यायच्या. पंचविशीतली मुलगी, कोरेगावहून स्कूटीवर. काका म्हणायची आणि अजिबात दया दाखवायची नाही. घोटे वर-खाली, मांडीचा स्नायू आवळून पाच मोजायचे, खुर्चीतून हात न टेकता उठायचं. शेवटचं मला दीड महिना जमलं नाही. तिच्याकडं एक चाचणी होती. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, आणि ती मोबाइलवर सेकंद मोजणार. बाराच्या आत आलं तर ठीक, वर गेलं तर पडायचा धोका जास्त. माझे पहिल्यांदा वॉकरसकट एकेचाळीस झाले. म्हणाली, "छान." मी म्हटलं, एकेचाळीस सेकंदांत मी अर्धी गाडी चढवायचो.

सप्टेंबरच्या शेवटी मी बसलो तो बसलो. दुखणं फारसं नव्हतं. फक्त कशाला करायचं ते कळेना. ही असती तर गोष्ट वेगळी, असं मनात येई. आणि मग वाटे, ही असती तर तिला हे सगळं उचलावं लागलं असतं, बरं झालं सुटली. असले विचार. मॅडम आल्या की झोपेचं सोंग. भेटायला येणारे म्हणायचे, "मन खंबीर ठेवा, सकारात्मक राहा." सांगतो, पडलेल्या माणसाला याच्याइतकं निरुपयोगी वाक्य दुसरं नाही. मन कुठं ठेवायचं ते माहीत असतं तर हा प्रश्नच आला नसता.

ड्रायव्हर रोज संध्याकाळी यायचा. उपदेश करायचा नाही, चहा प्यायचा आणि जायचा. एकदा त्यानं टेबलावरची माझी जुनी डायरी चाळली, कोरी होती. म्हणाला, "वेबिल का लिहीत नाहीस?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वेबिल म्हणजे कंडक्टरचा दिवसभराचा हिशेब. कुठल्या टप्प्याला कुठल्या नंबरापर्यंत तिकीट गेलं, किती रक्कम. रात्री डेपोत कॅश भरताना एक रुपया इकडचा तिकडं झाला तर जेवण गोड लागायचं नाही. आणि रिकामी फेरी गेली तरी ती लिहावीच लागते. एकही प्रवासी नसला तरी टप्पे भरायचे, समोर शून्य मांडायचं. गाडी धावली याची ती नोंद.

मी त्या रात्री डायरीत रकाने आखले. उठ-बस किती. पावलं किती. पाणी किती तांबे. चाचणीचे सेकंद. पहिल्या ओळीत चार शून्यं आली, तीन दिवस शून्यंच आली, पण लिहिली. चौथ्या दिवशी पाण्याच्या रकान्यात दोन आले. कोरा रकाना मला बघवत नाही, ही एकतीस वर्षांची खोड. मला वर आणलं ते या खोडीनं, त्यात माझं शौर्य वगैरे काही नाही. दिवाळीपर्यंत सेकंद तेविसावर आले.

मध्येच नोव्हेंबर उगवला आणि पेन्शनचा हयातीचा दाखला. आमची ईपीएसची पेन्शन म्हणजे औषधांना पुरली तरी नशीब, पण दाखला चुकला की तीही बंद. दरवर्षी मी जाऊन बोटं टेकवायचो. एकतीस वर्षं कागद आणि नाणी हाताळून माझ्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्यात, यंत्र तीन-चारदा नाही म्हणायचं. या वेळी नातवानं घरीच मोबाइल समोर धरला. चेहरा गोलात आणा, डोळे मिचकावा. मी मिचकावले. "आबा, नीट मिचकवा, घेत नाहीये." पाचव्यांदा घेतलं. पुढं वर्षभर मी सरकारदरबारी जिवंत. नातू फार खूश झाला, मीही झालो.

याच काळात कारणांचा छडा लागला. हाडांची घनता मोजायची एक तपासणी असते, तिच्यात आकडा उणे अडीचच्या खाली गेला की हाड ठिसूळ समजतात. माझा उणे तीनच्या पुढं. मला वाटायचं हे बायकांचं दुखणं. डॉक्टर म्हणाले, पुरुषांनाही होतं, फक्त ते हाड मोडल्याशिवाय तपासत नाहीत. रक्तात डी जीवनसत्त्व अगदी तळाला. आयुष्य उन्हातान्हात गेलेला माणूस, पण शेवटची तीन वर्षं मी दार लावून बसलो होतो हे मला तेव्हा उमगलं. आठवड्याला एक गोळी सुरू झाली, आणि वर्षाला एक, शिरेतून हळूहळू सोडायचं इंजेक्शन.

दुसरं, रक्तदाब. आडवं पडून मोजला तर दीडशे, उभं करून मोजला तर एकशे अठरा. वीसच्या वर उतरला तरी तो धोका मानतात, माझा बत्तिसानं उतरत होता. रक्तदाबाची गोळी रात्री, लघवी मोकळी व्हायची गोळीही रात्री, आणि पहाटे मी ताडकन उठून चालायला लागायचो. ती अंधारी तिथली. डॉक्टरांनी गोळ्या आणि वेळा बदलून दिल्या, आणि एक सवय लावायला सांगितली. उठून कॉटच्या कडेला बसायचं, साठ आकडे मोजायचे, मग उभं राहायचं. आता मी साठ मोजताना सातारा ते स्वारगेटचे थांबे म्हणतो. शिरवळ येईपर्यंत डोकं ठिकाणावर येतं.

घरात न्हाणीच्या भिंतीला दांड्या बसल्या, रात्री जळणारा बारका बल्ब आला, उंबऱ्याला उतार झाला. सगळी पायपुसणी गेली. ते लाल-हिरवं मात्र मुलगा टाकेना आणि मीही बोलेना. शेवटी सुनेनंच ते माझ्या खुर्चीवर घातलं. अर्धा इंच उंची वाढली, शिवाय ऊबही.

डिसेंबरात पायऱ्या. मॅडमनी मंत्र दिला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी दुखऱ्या बाजूला नाही, चांगल्या बाजूच्या हातात. हे सगळं मला उलटंच वाटायचं. अकरा पायऱ्या तोंडानं म्हणत उतरायला मला नऊ मिनिटं लागली. खाली ड्रायव्हर उभा होता, त्यानं त्याच्या स्कूटीचा हॉर्न दोनदा वाजवला. डबल.

पण सातारा हे गाव खुब्याच्या पेशंटासाठी वसवलेलं नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला सगळं गाव उतरणीवर. पाटीवर राजपथ आणि कर्मवीर पथ असतील, आमच्या तोंडात वरचा रस्ता नि खालचा रस्ता. दोन्हींच्या मधला प्रत्येक बोळ म्हणजे चढ. लहानपणी डोंगरावरच्या चार भिंती स्मारकापर्यंत पळत जायचो, ते मी आता खालून बघतो. मोती चौकापर्यंत जाऊन यायला जानेवारी उजाडला. मध्ये तीन विसावे: एक किराणा दुकान, एक पार, एक पेढेवाला. पेढेवाल्याकडं साखरेमुळं नुसतं टेकायचं.

जानेवारीच्या अखेरीला वाईला चुलत बहिणीकडं एसटीनं गेलो. स्टँडवर गाडीची पहिली पायरी बघितली आणि पोटात गोळा आला. आयुष्यात पहिल्यांदा ती मला उंच वाटली. आत कंडक्टर मुलगी होती, तिशीची. ती दारात आली आणि म्हणाली, "आजोबा, चांगला पाय वर घ्या आधी, द्या हात." मला इतकी माणसं आठवली त्या क्षणी. पाटणच्या, मेढ्याच्या, महाबळेश्वरच्या रस्त्यावरची, बोचकी घेतलेली, आणि दारात उभा राहून मी ओरडतोय, "ए आजी, उरक लवकर, गाडी लेट झालीय." हात मीही द्यायचो, नाही असं नाही. पण दंड धरून वर ओढायचो, पोतं ओढावं तसा. कुठला पाय दुखतोय हे एकतीस वर्षांत कुणाला विचारलं नाही. मी त्या मुलीला माझी नोकरी सांगितली नाही.

फेब्रुवारीत मॅडम म्हणाल्या, "काका, आता पडायला शिकायचं." म्हणजे पडल्यावर उठायला. डॉक्टरांची परवानगी काढून आल्या होत्या. जमिनीवर दोन गाद्या टाकल्या, शेजारी न सरकणारी लाकडी खुर्ची. जुलैपासून मी जमिनीला अंग लावलं नव्हतं. आधार देऊन तिनं मला आडवं केलं आणि मला दरदरून घाम फुटला. तीच फरशी, तोच कोन, वरती तोच पत्रा. ती म्हणाली, "घाई नाही. आधी नुसतं पडून राहा. कुठं दुखतंय का बघा. श्वास घ्या." मग एका कुशीवर वळायचं. मग कोपरावर. मग हातांवर भार घेऊन रांगतं व्हायचं, पोरासारखं. रांगत खुर्चीपाशी. दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर. चांगला पाय पुढं, पाऊल पूर्ण टेकवून. हातांनी आणि त्या पायानं मिळून रेटा द्यायचा, वळून बसायचं. बसल्यावर लगेच उठायचं नाही.

पहिल्या दिवशी मी कोपरापर्यंत पोचलो आणि रडलो. का ते माहीत नाही. नातू शाळेतून आला होता, दारात उभा. मला वाटलं आता हा घाबरणार. त्यानं दप्तर टाकलं आणि माझ्याशेजारी आडवा झाला. म्हणाला, "आबा, माझी पण घ्या ना परीक्षा." तो चार सेकंदांत उठला. मला तेरा मिनिटं लागली, दोन दिवसांनी. डायरीत नवा रकाना आखला.

चाचणीचे सेकंद मार्चमध्ये चौदावर अडले, ते आजही चौदाच आहेत. बाराच्या आत काही येत नाहीत. मॅडम म्हणतात येतील, मला तसं वाटत नाही, आणि त्यावर मी झोप घालवत नाही. काठी सुटलेली नाही. मांडी घालता येत नाही. गणपतीच्या आरतीला मी खुर्चीवर.

एप्रिलमध्ये राजवाड्याजवळच्या मंडईत गेलो होतो. एकटा. पिशवीत वांगी, हातात मेथीची जुडी. भाजीच्या पाल्यावरून काठीचं टोक सटकलं आणि मी गेलो, डाव्या कुशीवर. क्षणभर सगळा बाजार गप्प. मग चारी बाजूंनी हात आले. "उचला, उचला आजोबांना!" एकानं तर काखेत हात घातलाच. मी म्हटलं, "थांबा. कुणी ओढू नका." आवाज माझाच होता, दारातला, गाडी भरल्यावरचा. सगळे मागं सरकले.

पडून राहिलो. दुखतंय का बघितलं. डावं कोपर सोललं होतं, खुबा शाबूत. श्वास घेतला. कुशीवर वळलो, कोपर, हात, रांगता झालो. भर मंडईत, पांढरं धोतर-सदरा, टोपी घरंगळून टोमॅटोत. समोर भाजीवालीचा उलटा घातलेला क्रेट होता. "हा सरकतो का?" "न्हाई, भरल्याला हाय खाली." क्रेटवर हात, चांगला पाय पुढं. वर आलो, वळून तिथंच बसलो आणि साठ मोजले. तोवर कुणीतरी टोपी आणून दिली, कुणी पाणी दिलं. मी सगळं पाणी प्यायलो.

शिरवळच्या पुढं गेल्यावर उभा राहिलो. मेथी पायाखाली चुरडली होती. भाजीवालीनं दुसरी जुडी पिशवीत टाकली. मला वाटलं, पडलो म्हणून फुकट देतेय. मी नको नको म्हणायला लागलो तर ती म्हणाली, "नको कशाला? दोन्हीचं मिळून तीस झालं. सुट्टं द्या."